नावाआधीचं ‘रेडिओ सिंगर’

कव्वालीच्या किंवा भीमगीतांच्या जुन्या कार्यक्रमांची हँडबिलं पाहिलीत, तर गायकाच्या नावाआधी एक पदवी बऱ्याचदा दिसते. ‘रेडिओ सिंगर’. कधी ‘रेडिओ स्टार’, कधी ‘आकाशवाणी कलाकार’, आणि रेकॉर्ड निघाली असेल तर ‘एच.एम.व्ही. सिंगर’. डॉक्टरच्या नावाखाली एमबीबीएस असतं, तसंच हे. फरक इतकाच, की ही पदवी नावाच्या आधी, मोठ्या टाइपात आणि लाल शाईत.

माझ्या पीएचडीचा एक अख्खा चॅप्टर या दोन शब्दांवर उभा आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी केलेल्या मुलीने लोकगायकांच्या मागे का लागावं, हा प्रश्न घरच्यांपासून गाइडपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. तर विषय असा: आवाज लांब पोचवणारी यंत्रं (रेडिओ, लाउडस्पीकर, कॅसेट) बदलत गेली, तशी कल्याण ते बदलापूर या पट्ट्यातल्या गायकांची रोजीरोटी कशी बदलली. म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर रेडिओने या लोकांचं पोट कधीच भरलं नाही, पण नाव दिलं. आणि पोट जिथे भरायचं तिथे ते नाव चालायचं. पुढे कॅसेटने ही व्यवस्था मोडली. कशी, ते सांगते.

आधी जागेबद्दल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन, पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि विमकोचा काडेपेटीचा कारखाना. म्हणजे शिफ्टमध्ये काम करणारी हजारो माणसं, सोलापूर-नगर-नाशिक-मराठवाड्यातून आलेली, आणि मुंबईच्या मानाने स्वस्त खोल्या. गायकाला आणखी काय लागतं? श्रोते, खोली, आणि शेवटची लोकल. बदलापूर सीएसटीपासून ६८ किलोमीटर आहे. पहाटेपर्यंत गाऊन पहिल्या गाडीने घरी यायचं आणि दुपारी शिफ्टला जायचं, असं आयुष्य इथे बसतं.

या पट्ट्याला लागून, कल्याणमध्ये, प्रल्हाद शिंदे राहायचे. मूळचे मंगळवेढ्याचे, जन्म १९३३ चा. मुंबईत आल्यावर इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस गायले. हे तेच इस्माईल आझाद, ज्यांची ‘अल हिलाल’ (१९५८) सिनेमातली कव्वाली देशभर गाजली. (त्या सिनेमाचे संगीतकार बुलो सी. रानी, सिंधमधल्या हैदराबादचे. उल्हासनगरवर लिहिताना हा योगायोग सोडवत नाही.) कव्वाली पार्टीत माणूस दोन गोष्टी शिकतो. एक, समोरच्या पार्टीला जागच्या जागी उत्तर द्यायला. कारण कव्वालीचा ‘सामना’ व्हायचा, दोन पार्ट्या आमनेसामने, रात्रभर. आणि दुसरी, आवाज मारायला. समोर पाच हजार माणसं, मैदान उघडं, कर्णे दोन, तेही भोंग्यासारखे. तिथे नाजूक हरकती वाऱ्यावर जातात. तिथे लागतो तो धारदार, वरच्या पट्टीतला, नाकापर्यंत घुमणारा आवाज. ‘पहाडी’ म्हणतात तो.

आता हा आवाज रेडिओच्या दारात नेऊन उभा करू.

मुंबईचं रेडिओ स्टेशन २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, आधी खासगी कंपनीचं, मग सरकारचं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षं राहिले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. त्यांच्या काळात ऑडिशन आणि ग्रेड यांची व्यवस्था पक्की झाली: बी, बी-हाय, ए आणि टॉप. केसकरांनी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलं आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले, ही गोष्ट सगळे सांगतात. १९५२ च्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानी घराघरात पोचले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. पण या गोष्टीत लोकगायकांचं काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचं झालं ते असं, की दार उघडलं पण चौकट बारीक ठेवली. ‘लोकसंगीत’ नावाचा स्वतंत्र खण आकाशवाणीत होता आणि त्यासाठी ऑडिशन होती. पास झालात की अधूनमधून बोलावणं, करारपत्र, ठरलेलं मानधन. हार्मोनियमवर मात्र १९४० पासून तीसेक वर्षं बंदी! ज्या माणसाचं गाणं लहानपणापासून पेटीवरच बसलंय, त्याला पेटीशिवाय गा म्हणणं म्हणजे काय, ते कुठल्याही भजनी मंडळाला विचारा. शिवाय गाण्याचे शब्द आधी तपासले जायचे. आकाशवाणीची जी आचारसंहिता आहे, तिच्यात कुठल्याही धर्मावर वा समाजावर टीका चालत नाही. नियम म्हणून वाजवी आहे. पण ज्या गाण्याचा विषयच जातिव्यवस्था आहे, ते गाणं टीका केल्याशिवाय गायचं कसं? वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) परंपरेतली धारदार गाणी मैदानावर हजारोंना पाठ होती आणि रेडिओवर क्वचित ऐकू यायची, याचं एक मोठं कारण मला या नियमात दिसतं.

प्रल्हाद शिंद्यांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. माणूस आंबेडकरी चळवळीतला, जयंतीच्या स्टेजचा राजा. पण रेकॉर्डवर आणि रेडिओवर त्यांचं नाव झालं ते विठ्ठलाच्या गाण्यांनी. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ घ्या: शब्द दत्ता पाटलांचे, संगीत मधुकर पाठकांचं. आषाढी एकादशी आली की आजही हाच आवाज. एकच गळा, पण दोन याद्या. रेडिओवरचे शिंदे वारकरी, मैदानावरचे शिंदे भीमशाहीर. ज्यांच्या घरात पहिले शिंदे लागायचे, त्यांतल्या अनेकांना दुसरे माहीतच नव्हते. दुसऱ्या यादीतल्या श्रोत्यांना मात्र पहिले माहीत होते, कारण रेडिओ सगळ्यांकडे वाजायचा. विठ्ठलाची गाणी त्यांनी मनापासून गायली, यात मला शंका नाही. ऐकणाऱ्या कुणालाच येणार नाही. पण गायकाच्या कोणत्या अर्ध्या भागाला ‘रेडिओ सिंगर’ म्हणायचं, हे कुणी ठरवलं, हा प्रश्न उरतोच.

मुंबई केंद्रावर एक फट मात्र होती, ती म्हणजे कामगारांसाठीचा कार्यक्रम, ‘कामगार सभा’. तिथे लोकगीतं लागायची. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते ही नावं साठी-सत्तरीच्या पुढच्या श्रोत्यांसमोर घेतलीत की चटकन हाच कार्यक्रम निघतो.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, गणित फक्त भागाकाराचं आहे.

मुंबई ‘ब’ केंद्र (आताची अस्मिता वाहिनी) ५५८ किलोहर्ट्झवर, ‘अ’ केंद्र १०४४ वर, विविध भारती ११८८ वर. तिन्ही आकड्यांना नऊने भागून बघा. नि:शेष भाग जातो. हा योगायोग नाही. १९७५ मध्ये जिनिव्हात ठरलं आणि १९७८ पासून लागू झालं, की आपल्या भागातली मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवायची. दाटीवाटीच्या चाळीत प्रत्येकाला नऊ फुटांची खोली, तसं. पण एएम पद्धतीत आवाज मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना पसरतो, म्हणून शेजाऱ्याच्या अंगावर न जाता आवाजाच्या वाट्याला साडेचार किलोहर्ट्झच येतात. कानाला तरुणपणी वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. म्हणजे वरचं सगळं कापलं जातं. स्वस्त ट्रान्झिस्टरमध्ये तर आणखी कमी यायचं.

मग राहतं काय? हे बघायला मी काही जुनी लोकगीतं कॉम्प्युटरवर साडेचार किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून काढली. टाळ-झांज जवळजवळ गायब. ढोलकीच्या उजव्या पुडीचा कडक ‘टण्ण’ बोथट होतो. व्हायोलिन रेशमी वाटतं ते सुती होतं. आणि पहाडी आवाज? जसाच्या तसा. कारण असा आवाज काढताना गळा-घसा असा आकार घेतो, की अडीच ते साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास जोर एकवटतो, आणि आपला कानही नेमका तिथेच सगळ्यांत तिखट असतो. मैदानावरच्या भोंग्यालाही हाच पट्टा सोपा जातो. म्हणजे मैदानाने घडवलेला आवाज मीडियम वेव्हच्या बारीक चौकटीतून न घासता आत आला. ऑडिशन कमिटीला तो ओबडधोबड वाटला असेल, पण चाळीच्या गॅलरीत टांगलेल्या ट्रान्झिस्टरमधून तोच सगळ्यांत स्वच्छ ऐकू यायचा. मालाडच्या ट्रान्समीटरपासून बदलापूर सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर, मधे डोंगर. मीडियम वेव्हला त्याची फिकीर नसते.

माझ्या गाइडनी मला अमेरिकेतल्या कंट्री म्युझिकचा इतिहास वाचायला लावला, तो इथे कामाला आला. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम स्टेशन १९२५ मध्ये एका विमा कंपनीने काढलं. शनिवारी रात्री खेड्यातल्या गायकांचा कार्यक्रम, पुढे त्याचं नाव ‘ग्रँड ओल ऑप्री’. विमा एजंट त्याच श्रोत्यांच्या दारात पॉलिसी विकायला जायचे. गायकाला स्टेशनकडून मिळायचं थोडकंच. पण शनिवारी ऑप्रीत गायलं की उरलेला आठवडा ‘ऑप्रीचा गायक’ म्हणून गावोगाव तिकीट लावता यायचं. म्हणजे व्यवहार तोच: रेडिओ नाव देतो, पैसा बाहेर मिळतो. फरक दार कोण राखतं यात. तिकडे विमा कंपनी, जिला गिऱ्हाईक हवं होतं. इकडे सरकारी कमिटी, जिला अभिरुची सुधारायची होती. आकाशवाणीवर तर जाहिरातीच नव्हत्या, त्या १९६७ मध्ये विविध भारतीवर आल्या. ज्याला गिऱ्हाईक हवं असतं तो लोकांना आवडेल ते लावतो. ते नेहमी चांगलंच असतं असं नाही, पण गायकाच्या बाजूने झुकतं.

उल्हासनगरात हे दार आणखी वेगळ्या कारणाने अडलं. सिंधी लोकांची ‘भगत’ नावाची परंपरा आहे. गाणं, नाच, गोष्ट, सगळं एकत्र, रात्रभर. आपल्या कीर्तनाची आणि तमाशाची सरमिसळ केली तर जवळपास जाईल. भगत कंवरराम हे तिचं सगळ्यांत मोठं नाव. १ नोव्हेंबर १९३९ ला रुक स्टेशनवर त्यांचा गोळ्या घालून खून झाला. फाळणीनंतर ही परंपरा बराकींमध्ये आली, पण तिचा मुलूख मागे राहिला. आकाशवाणीचं लोकसंगीत प्रदेशावर बेतलेलं होतं: ज्या केंद्राचा जो मुलूख, त्याची लोकगीतं. ज्यांना मुलूखच नाही त्यांचं काय? मुंबई केंद्रावर सिंधी कार्यक्रम मिळाले, पण वेळ मोजका. मास्टर चंदर (१९०७–१९८४) फाळणीआधीच रेकॉर्डवर गाजलेले होते, ते इथेही टिकले. नवीन मुलाला ती वाट अवघड होती. गंमत अशी, की रात्री मीडियम वेव्हच्या लहरी वरच्या वातावरणावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात आणि कराची इथून साधारण नऊशे किलोमीटर. गाव सोडून आलेल्या माणसाला रात्री त्या गावचा रेडिओ लागू शकतो, हे फिजिक्सच्या पुस्तकात ‘स्काय वेव्ह’ या मथळ्याखाली दोन ओळींत असतं.

मग आली कॅसेट. फिलिप्सने ती काढली १९६३ मध्ये, पण आपल्याकडे तिचा पूर आला तो १९८० नंतर. रेकॉर्ड कापायला कारखाना लागायचा, म्हणून एच.एम.व्ही. म्हणेल ती पूर्व दिशा. कॅसेट भरायला एक खोली आणि दोन-चार यंत्रं पुरायची. पीटर मॅन्युएल यांच्या ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या पुस्तकात उत्तर भारतातली ही उलथापालथ तपशिलात आहे. महाराष्ट्रावर तसं पुस्तक झालं पाहिजे, आणि ते मीच लिहावं असं गाइडचं मत असलं तरी आधी थिसिस.

कॅसेटला ऑडिशन नव्हती. शब्द तपासणारा कुणी नव्हता. भीमगीतं, कोळीगीतं, देवीची गाणी, सत्यनारायणाची कथा, सगळं बाजारात आलं. साडेचार किलोहर्ट्झची चौकटही गेली: साध्या टेपवर दहा किलोहर्ट्झपर्यंत आवाज यायचा, म्हणून झांज परतली आणि तिच्यासोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅडही आले. प्रल्हाद शिंद्यांची मुलं आनंद आणि मिलिंद या काळातली. आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं आठवा. ते रेडिओने मोठं केलेलं नाही. रिक्षा, पानपट्टी, लग्नाची वरात यांनी मोठं केलं. आणि जयंतीला जी गाणी वर्षातून एकदा मैदानात ऐकायची, ती आता घरात, रोज, हव्या त्या आवाजात. दोन याद्यांतली दुसरी पहिल्यांदाच विकत मिळायला लागली.

पण पैसे? बहुतेक ठिकाणी एकरकमी. एका दुपारी आठ गाणी गा, रक्कम घ्या, सही करा. पुढे लाख कॅसेट विकल्या तरी गायकाला त्यात काही नाही. गायकाला रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला २०१२ च्या दुरुस्तीने, तोपर्यंत कॅसेटचा धंदा संपलेला. आणखी एक गोष्ट झाली. कॅसेट सगळ्यांचीच निघायला लागल्यावर ‘रेडिओ सिंगर’ या शब्दाचा भाव उतरला. बी-हाय ग्रेड मिळवायला ज्याने आयुष्याची दहा वर्षं घातली, त्याच्या शेजारच्या पोस्टरवर कालचा मुलगा ‘कॅसेट फेम’ म्हणून. चाळणी अन्यायी होती हे खरं, पण तिच्यातून एकदा पार झालेल्यांची कमाई त्या चाळणीवरच उभी होती. कॅसेटने वगळलेल्यांना न्याय दिला आणि पार झालेल्यांचं भांडवल बुडवलं. दोन्ही एकाच वेळी.

मैदानही आकसत गेलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली मंडळं विस्कटली, कुटुंबं डोंबिवली-कल्याण-बदलापूरकडे सरकली. त्यानंतर ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट. आजारी माणसाच्या, अभ्यास करणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर नियम हवाच. पण रात्रभराचा सामना दहाला संपवायचा म्हणजे पहिली पार्टी गाऊन होते, तोवर दुसरीने आवराआवर करायची. सवाल आहे, जवाबाला वेळ नाही. गायकाचं अर्धं उत्पन्न आणि जवळजवळ सगळं शिक्षण तिथेच होतं.

खासगी एफएम मुंबईत २००२ मध्ये आला. आवाज स्वच्छ, झांज अगदी खणखणीत, पण या गाण्यांना जागा जवळपास नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मराठी गाणं लागलं तरी बातमी होती. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ ला गेले. वामनदादा त्याच वर्षी, सव्वा महिना आधी, १५ मे ला. त्यांचा नातू आदर्श शिंदे, म्हणजे आनंद शिंद्यांचा मुलगा, कल्याणमध्येच वाढलेला. त्याचं नाव ‘दुनियादारी’ (२०१३) सारख्या सिनेमाच्या गाण्यांनी आणि टीव्हीने झालं. जयंतीचं स्टेज त्याने सोडलेलं नाही. आजोबांना रेडिओ, वडलांना कॅसेट, नातवाला सिनेमा आणि यूट्यूब. तिघांचा गळा एकाच घरातला आहे, पण आदर्शच्या गाण्यात हळू आवाजातल्या जागा आहेत, श्वासाचे बारकावे आहेत, जे आजोबांच्या काळच्या भोंग्यातून आणि मीडियम वेव्हमधून कधी पोचलेच नसते. माणूस बदलतो तसं यंत्रही गळ्याला शिकवतं.

सध्या माझं काम चाललंय ते खासगी कॅसेटींवर: मंडळांनी, नातेवाइकांनी, समोर टेपरेकॉर्डर ठेवून केलेली रेकॉर्डिंग्ज. रेडिओवर न गेलेली आणि कंपनीने न काढलेली गाणी असतील तर यातच. आपल्या पट्ट्यात त्यांचा मोठा शत्रू पाणी आहे. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही घरात आल्या. २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा पुन्हा. पंचनाम्यात धान्य, फ्रिज, टीव्ही लिहितात. कॅसेटींना त्यात रकाना नाही.

तेव्हा माळ्यावर अशी कॅसेट सापडली तर आधी ती वाजवून बघू नका. आत पांढरी बुरशी असेल तर ती प्लेअरच्या हेडला लागते आणि मग त्या प्लेअरमधल्या प्रत्येक कॅसेटला. उन्हात वाळवू नका, स्पीकरजवळ किंवा मिक्सरजवळ ठेवू नका. कोरड्या जागी उभी ठेवा. वरच्या कागदावर पेनने लिहिलेलं काही असेल, गावाचं नाव, तारीख, ‘साइड बी खराब’ असं काहीही, तर त्याचा फोटो काढा, कारण शाई टेपच्या आधी जाते. आतली टेप तुटलेली असली तरी फेकू नका. ती जोडता येते, जोडणीपाशी गाण्यातला जेमतेम एक क्षण जातो.